प्राजक्ताखालचा सागरगोटा

मुक्ता, ओम,

तुम्ही पाठवलेला फोटो मी चष्मा बदलून पुन्हा पाहिला. तुमच्या लीड्सच्या घरात खिडक्यांखाली तुमच्या बाबाने काटेरी झुडपांची रांग लावली आहे. शेजारी चोरी झाली तेव्हा तिथल्या पोलिसाने सांगितलं म्हणे, खिडकीखाली काटे लावा, चोर दुसरं घर बघतो. ओम अंगठा वर करून झुडपाशेजारी उभा आहे आणि मुक्ताने खाली लिहिलंय, 'आज्जी, हे क्रूर नाही का?'

हा शब्द तुला मराठीत लिहिता येतो याचं बरं वाटलं. पण मुक्ता, तुमची झुडपं अजून गुडघ्याएवढीही नाहीत, आणि ती अनोळखी माणसासाठी लावलेली आहेत. त्यात क्रूर असं काही नाही. तो नुसता बंदोबस्त झाला.

इथे भाद्रपद उतरतोय. गौरी-गणपती गेले, दोरीवरचे कपडे अजून दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि सकाळी दार उघडलं की सगळ्या घरात प्राजक्ताचा वास येतो. हा वास तुमच्या बाबाला फार आवडतो. फोनवर विचारतो, 'आई, प्राजक्त फुलला का गं?' मला या वासात थोडा हिरवा, कडवट वास मिसळलेला येतो. तो प्राजक्ताखाली माजलेल्या सागरगोट्याच्या काटेरी जाळीचा. तुमच्या बाबाने ती जाळी येता-जाताच पाहिली आहे. त्याला वाटतं, आजोबांनी ती चोरांसाठी लावली.

आपल्या सांगलीच्या बंगल्याच्या कोपऱ्यातला प्राजक्त साताऱ्याहून आलेला. घर बांधलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी परसातलं रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलं होतं. आजोबांनी ते एसटीत मांडीवर धरून आणलं. विजारीवर मातीचा डाग पडला तो शेवटपर्यंत निघाला नाही. झाड भिंतीला इतकं लागून लावलं गेलं, की मोठं होताना त्याने अर्धं अंग बाहेर टाकलं. त्यामुळे पहाटे गळणारी फुलं निम्मी अंगणात पडतात आणि निम्मी बाहेर, भिंत आणि रस्ता यांच्या मधल्या मातीच्या पट्ट्यावर. बाकी कोणतंही फूल खाली पडलं की देवाला चालत नाही. प्राजक्ताचं चालतं.

या बाहेरच्या फुलांवर आक्कांचा हक्क होता. निदान आक्का तसं मानत.

आक्का म्हणजे तुमची आत्याआजी. मागच्या खेपेला जिने ओमचा गाल ओढून लाल केला होता, ती. आजोबांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते. तुम्हाला एवढंच माहीत आहे, की तिचं आणि आजोबांचं 'काहीतरी भांडण' होतं. भांडण घराचं होतं. साताऱ्याचं आईचं घर आईने मुलाच्या नावावर केलं. आक्कांचं म्हणणं, त्याने करून घेतलं. कोणाचं खरं, हे मला आजही सांगता येणार नाही. कागद झाला तेव्हा मी आत चहा करत होते. आक्कांनी कोर्टात दावा लावला आणि बहीण-भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले.

थांबले म्हणजे, माझ्यामार्फत बोलू लागले. आक्का तीन हातांवर उभ्या असत आणि आजोबा मला म्हणत, 'त्यांना सांग, वकील बदला. आहे तो झोपतो.' आक्का मला म्हणत, 'त्याला सांग, झोपला तरी त्याच्या वकिलापेक्षा बरा दिसतो.' मी कोणालाच काही सांगत नसे. सांगायची गरज नव्हती. मी फक्त मध्ये उभी राहायची. इतकी वर्षं मी तिथे उभी राहिले, की भिंतीला काय वाटत असेल ते मला नीट माहीत आहे.

तारखेला दोघं एकाच एसटीने साताऱ्याला जायची. हे पुढे, आक्का मागे. कराडला गाडी थांबली की वेगवेगळ्या टपऱ्यांवर चहा. एकदा आक्कांना परत यायला उशीर झाला आणि कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा आजोबा उभे राहून ओरडले, 'अहो थांबवा! माझ्यावर केस करणारी बाई खाली राहिली!' आक्का चढल्या, सगळ्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. घरी आल्यावर आजोबा ही गोष्ट सांगून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी आक्कांनीही मला तीच सांगितली. त्याही तेवढ्याच हसल्या.

मग एका हळदीकुंकवाला, सगळ्या बायकांसमोर, आक्कांनी सांगितलं की त्यांनी प्राजक्ताचा लक्ष धरला आहे. लक्ष म्हणजे देवाला एक लाख फुलं वाहायची. आषाढी एकादशीला सुरू करायचं, कार्तिकीला थांबायचं, राहिली तर पुढच्या वर्षी तिथून पुढे मोजायचं.

कोणीतरी विचारलं, 'कशासाठी हो आक्का?'

'दाव्याचा निकाल माझ्या बाजूने लागावा म्हणून,' आक्का म्हणाल्या. 'आणि फुलं आईच्याच झाडाची.'

म्हणजे आजोबांच्या झाडाची फुलं वाहून आजोबा हरावेत, असं देवाला सांगायचं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर नीट घडी करून ठेवला. 'आईचं झाड आहे म्हणाली?' एवढंच विचारलं.

त्याच सुमारास कॉलनीत चोरी झाली. आपल्या ओळीच्या टोकाला विट्याच्या एका गलाईवाल्याचा बंगला आहे. ही माणसं लांबच्या शहरांत सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात. बंगले गावाकडे बांधतात आणि कुलपं लावून जातात. तो बंगला फुटला. मग कॉलनीची सभा झाली. ज्याची त्याची मुलं परदेशी, प्रत्येक घरात दोन म्हातारे. कोणी कॅमेरे म्हणालं, कोणी भिंतीवर काचा म्हणालं. आजोबा उठून म्हणाले, 'कॅमेऱ्यात चोर दिसतो. काट्यात अडकतो.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण आमच्या घरी नेण्यासारखं काही नव्हतं आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटावरून पत्र्याचा डबा काढला. सासूबाई गेल्यावर साताऱ्याहून तो आला होता. आत राखाडी, गुळगुळीत गोट्यांसारखा ओंजळभर ढीग. गजगे. सागरगोट्याच्या वेलीच्या बिया. आमच्या लहानपणी मुली त्यांनी खेळायच्या: एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत बाकीचे उचलायचे, सगळे हाताच्या पालथीवर झेलायचे. हे गजगे आक्कांचे होते. औंधच्या जत्रेत आईने घेऊन दिलेले. लग्न होऊन जाताना त्या मागे ठेवून गेल्या आणि आईने जपले.

गजग्याचा आणखी एक खेळ होता. दगडावर खसाखसा घासला की तो तापतो, आणि मग दुसऱ्याच्या कातडीवर ठेवायचा. त्याला चटका म्हणत. आक्का यात पटाईत. साताऱ्याच्या घराच्या पायरीवर त्या गजगा घासायच्या आणि म्हणायच्या, 'बाळ्या, हात कर पुढं.' आणि आजोबा दर वेळी हात पुढे करायचे. लग्नानंतर त्यांनीच मला सांगितलं होतं. 'दर वेळी?' मी विचारलं. 'हो. वाटायचं, या खेपेला खोटं खोटं करेल.'

तर ते आजोबा मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी बसून एकेक गजगा घासत होते. गजग्याचं कवच कठीण. तसाच पेरला तर वर्षानुवर्षं पडून राहतो. घासून पातळ करावा लागतो, मग कोमट पाण्यात ठेवायचा.

'हे आक्कांचे ना?' मी म्हटलं.

'होते,' ते म्हणाले.

सगळे पेरले. बाहेरच्या पट्ट्यावर, बरोबर प्राजक्ताखाली. इतक्या वर्षांचं बी, निम्मंही उगवणार नाही असं मला वाटलं होतं. उगवलं ते पुरेसं होतं. सागरगोटा वेलीसारखा पसरतो. देठाला, पानामागे, शेंगेवर, सगळीकडे काटे, आणि ते मागे वळलेले. हात आत जाताना काही करत नाहीत. काढताना धरतात.

आमच्याकडे काम करणारी हौसाबाई आक्कांकडेही काम करते. ती म्हणाली, 'बाई, ह्ये झाड लय वंगाळ. दारात लावू नी. घरात भांडणं हुत्यात.' मग स्वतःच म्हणाली, 'आता काय हुयाची राहिल्यात म्हणा.'

मला जो भाद्रपद आठवतोय तो त्यानंतर दोन-तीन पावसाळ्यांनी आला. तोवर जाळी भिंतीच्या निम्म्यापर्यंत चढली होती. पहाटे फुलं गळायची ती जमिनीपर्यंत पोचायचीच नाहीत. काट्याकाट्यावर अडकायची. पांढऱ्या पाकळीतून काटा आरपार आणि केशरी देठ खाली लोंबतोय, असं शेकडो. दवात ते फार सुंदर दिसे. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत.

आक्का पहिल्या दिवशी आल्या, उभ्या राहिल्या, परत गेल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन आल्या. एकेक फूल चिमट्याने काट्यावरून सोडवायचं, परडीत टाकायचं. पाकळी फाटलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून ते बाजूला. जिथे चिमटा पोचत नसे तिथे हात. पदर अडके, बाही अडके, कातडी सोलून निघे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, त्यात मधुमेह.

आजोबा व्हरांड्यात खुर्ची टाकून, चहा घेत, हे बघत.

'सुमन,' ते मला म्हणत, 'त्यांना सांग, डावीकडे खाली चांगली टपोरी आहेत.'

'सुमन,' आक्का बाहेरून म्हणत, 'त्याला सांग, चहा निवेल. त्याला लहानपणापासून निवलेलं पोटात बाधतं.'

'सांग, कोर्टात एवढी मेहनत घेतली असती तर...'

'सांग, कोर्टात मेहनत लागत नाही, लाज सोडावी लागते. ती त्याला जमते.'

हौसाबाई भांडी घासता घासता म्हणाली, 'आवं आक्का, पारिजातक काय गल्लोगल्ली हाय. ह्याच झाडाला काय सोनं लागलंय व्हय?' आक्का म्हणाल्या, 'तू भांडी घास.' आजोबाही त्याच क्षणी व्हरांड्यातून म्हणाले, 'हौसा, तू भांडी घास.' बहीण-भावाचं एकमत मी त्या वर्षात तेवढंच ऐकलं.

मग आक्कांचं बोट सुजलं. काटा आत मोडला होता. मिरजेला नेऊन चिरावं लागलं. मी भेटून आले. आजोबांनी विचारलं, 'कोणतं बोट?'

'मधलं.'

'उजव्या हाताचं?'

'हो.'

'मग आता डाव्याने तोडेल,' ते म्हणाले आणि जेवायला बसले. व्यवस्थित जेवले. ताक मागून घेतलं.

आक्का खरंच डाव्या हाताने तोडू लागल्या. उजव्याला पांढरी पट्टी. ती पट्टी त्यांनी गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली आणि देवळात, दुकानात, लग्नकार्यात सगळ्यांना दाखवली. 'भावाकडून ओवाळणी,' असं सांगत.

त्याच हंगामात, आश्विन लागल्यावर एका लख्ख सकाळी, आक्कांचा चिमटा जाळीत खोल गेला आणि एका वाळक्या शेंगेला लागला. आदल्या वर्षीच्या शेंगा फुटून तशाच लोंबत होत्या. आतून दोन गजगे घरंगळत रस्त्यावर आले.

आक्कांनी ते उचलले. बोटांत फिरवले. फुलझाडांतलं त्यांना फारसं कळत नसे. एवढे दिवस ते नुसतं काटेरी झाड आहे असं त्या समजत होत्या. आता त्यांनी जाळीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मग व्हरांड्याकडे. त्यांना डबा आठवला असणार. त्या शेंगामागून शेंगा फोडू लागल्या, हातानेच. पाच गजगे झाले तेव्हा समोरच्या मोरीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि खेळायला लागल्या.

मी असं काही त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पंचाहत्तरी उलटलेली बाई, एका हाताला पट्टी, दुसऱ्यावर रक्ताच्या रेघा. गजगा वर जातोय, खालचे चार मुठीत येतायत, वरचा चुकत नाहीये. शाळेची रिक्षा थांबून मुलं बघत होती.

आजोबा उठले. चपला न घालता फाटकाबाहेर गेले. मी फाटकापाशी थांबले.

आक्कांनी खेळ थांबवला. एक गजगा घेतला आणि कट्ट्याच्या सिमेंटवर घासायला लागल्या. बराच वेळ घासला.

'बाळ्या,' त्या म्हणाल्या, 'हात कर पुढं.'

इतक्या वर्षांनी त्या थेट भावाशी बोलल्या. आजोबांनी बाही वर केली आणि हात पुढे केला. मनगट वर करून. त्यांचा चेहरा मला दिसत होता. या खेपेला ती खोटं खोटं करेल असं त्यांना वाटलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

आक्कांनी गजगा मनगटावर ठेवला आणि दाबून धरला. आजोबांनी हात मागे घेतला नाही.

'आईचा डबा उघडलास?'

'उघडला.'

'सगळे पेरलेस?'

'सगळे.'

'एक तरी ठेवायचास,' आक्का म्हणाल्या. पाचही गजगे परडीत फुलांवर टाकले आणि गेल्या.

मनगटावर रुपयाएवढा लाल डाग उठला. मी मलम आणलं; लावू देईनात. दिवसभर घरात फिरताना काहीतरी गुणगुणत होते. रात्री जेवताना दोनदा बाही वर करून पाहिलं. मुक्ता, ओम, आमच्या लग्नाला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. मी हात मागितला की ते आधी 'कशाला?' असं विचारत.

पुढच्याच माघात ते गेले, झोपेत. आक्का आल्या. रडल्या नाहीत. बसल्या, आजोबांचं मनगट उलटं करून डाग पाहिला, आणि परत नीट ठेवलं. दिवस झाल्यावर जायला निघताना मला म्हणाल्या, 'पुढची तारीख कधी आहे?'

वारस म्हणून दाव्यात माझं नाव लागलं, तुमच्या बाबाचंही. मी कोयतेवाला माणूस बोलावला होता, ती जाळी एकदाची काढून टाकावी म्हणून. आक्का धावत आल्या. 'कोयता लावायचा नाही. माझे गजगे आहेत ते.' जाळी राहिली. आषाढीपासून त्यांचा चिमटा पुन्हा सुरू झाला.

'लक्ष आता तुझ्या नावाने हं सुमन,' त्या म्हणाल्या. 'वाईट वाटून घेऊ नको.'

मी व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत बसू लागले. चहा घेऊ लागले. प्रयत्नही केला. म्हटलं, 'आक्का, डावीकडे खाली चांगली आहेत.' त्यांनी वर पाहिलंही नाही. गेल्या महिन्यात मात्र त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, 'तुला भांडता येत नाही, सुमन. तू नुसतं नीटनेटकं बघतेस. तो असता तर आतापर्यंत मला चार शब्द लागले असते. इंग्रजी शाळेत गेलीस, त्याचा परिणाम.'

त्यांचं खरं होतं. मी इंग्रजी शाळेत गेले. मी त्याच आठवड्यात वकिलांना बोलावलं आणि लिहून दिलं: साताऱ्याच्या घरावर आमचा काही हक्क नाही, दावा आम्हाला मान्य आहे. तुमच्या बाबाने सही पाठवली. फोनवर म्हणाला, 'आई, तू खरंच मोठ्या मनाची आहेस.' मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. तुम्हीही त्याला काही सांगू नका.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी गेले. आक्का जाळीत वाकलेल्या होत्या.

'किती झाली?' मी विचारलं.

'चौऱ्याण्णव हजार वर. या कार्तिकीला नाही, तर पुढच्या.'

'आता कशाला आक्का? घर तुमचं झालं. मी लिहून दिलं कोर्टात.'

त्यांना आधी कळलं नाही. मग चिमटा हळूहळू बाहेर आला. पदर काट्यात अडकला होता. त्यांनी तो सोडवला नाही.

'मी तुझ्याकडे मागितलं होतं का?'

'नाही.'

'देवाने द्यायचं होतं ते. किंवा त्याने हरायचं होतं. तू मध्ये कोण?'

'मध्ये मीच होते आक्का,' मी म्हटलं. 'पहिल्यापासून.'

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. निदान चार शब्द मलाही मिळतील. पण त्यांनी पदर ओढला, तो फाटला, आणि तशाच त्या गल्लीच्या वळणावर गेल्या. त्या रस्त्यावरून इतक्या सावकाश चालताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून आल्या नाहीत. हौसाबाई सांगते, सकाळी उठतच नाहीत. पडून असतात. ती त्यांना म्हणाली होती, 'आवं, घर गावलं न्हवं? मग नवस तरी फेडाया चला की. फुलं वाट बघत्यात.'

'मग काय म्हणाल्या?'

हौसाबाई पुसणं पिळत राहिली. 'म्हनल्या, द्येवानं न्हाई दिलं, सुमननं दिलं. मग फुलं काय आता तिला वाहू?'

आज सकाळी मी दार उघडलं. सगळ्या जाळीवर फुलं लागलेली होती, आदल्या दिवशीची सुकलेली आणि त्यांवर आजची ताजी. कोणी सोडवली नव्हती. खुर्ची घेतली, बसले. हौसाबाईने चहा आणून दिला आणि जाळीकडे बघत उभी राहिली.

'बाई, तेवढी काढू का मी?'

'राहू दे,' मी म्हटलं, आणि चहा निवायच्या आत प्यायले.